धावणारीच्या नवऱ्याने काय बोलावं

मॅरेथॉनचं अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. ही चमत्कारिक संख्या कुठून आली, ती हकिकत मला आता पाठ आहे. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू केली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनांसमोर संपवली. राजवाड्यातल्या मुलांना खिडकीतून सुरुवात दिसावी म्हणून तिथून, असंही सांगतात. त्या दिवशी जे अंतर भरलं, तेच पुढे १९२१ साली कायम झालं. म्हणजे जगभरचे लोक जे अंतर आज धापा टाकत कापतात, ते मुळात बघणाऱ्यांच्या सोयीने ठरलेलं आहे. बघणाऱ्यांच्या सोयीचा विचार या खेळात झाला तो तेवढाच.

हे मी अधिकाराने सांगतो, कारण माझी बायको पळते आणि मी बघतो.

ती बँकेत आहे. सत्तेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी ‘रोज चालत जा’ म्हणून सांगितलं, तेव्हा ती ठाण्यातल्या उपवन तलावाच्या बाजूला चालायला जाऊ लागली. चालण्यात काही धोका नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. पहाटे चालणाऱ्या माणसाला पळणारी माणसं भेटतात, हा धोका त्यांनी हिशेबात धरला नव्हता. एका ग्रुपने तिला ‘मॅडम, तुम्ही सहज पाच कराल’ म्हटलं. पाचाचे दहा झाले, दहाचे एकवीस. मी मनात म्हटलं, पावसाळा आला की आपोआप थांबेल. ठाण्यात पावसाळ्यात मुद्दाम वर्षा मॅरेथॉन भरवतात. पाऊस संपल्यावर ती मंडळी येऊरच्या चढावर जाऊ लागली. येऊरच्या जंगलात बिबटे आहेत, हे मी काळजीने सांगितलं. ‘आम्ही पंचवीस जण असतो,’ ती म्हणाली. बिबट्याला सर्वांत मागचा पुरतो, हे मी बोललो नाही. ती पहिल्या वर्षी सर्वांत मागे असायची.

सुरुवातीला वाटलं, यात आपलं काम हमालीचं आहे. पिशवी धरायची, सुका टी-शर्ट द्यायचा, गाडी कुठे लावली ते लक्षात ठेवायचं. ते जमतं. हळूहळू कळत गेलं की धावणारीच्या नवऱ्याचं खरं काम बोलण्याचं असतं. ती दोन तास पळते आणि त्यावरचं बोलणं दिवसभर पुरतं. त्यात माझ्या वाट्याला वाक्यं थोडी येतात, पण ती नेमक्या जागी यावी लागतात.

आणि इथेच आमचं घोडं अडतं. मी नौपाड्यात वाढलो. आमच्या घरात जेवणाची सर्वोच्च स्तुती म्हणजे ‘अजून आहे का?’ त्याखालची पायरी म्हणजे काही न बोलता संपवणं. मला बोर्डात चांगले मार्क मिळाले, तेव्हा वडील ‘हं’ म्हणाले आणि मग शेजाऱ्यांना पेढे वाटून आले. अशा वातावरणात मुरलेल्या माणसासमोर बायको रविवारी सकाळी घामाने निथळत उभी राहते आणि घड्याळ पुढे करून म्हणते, ‘बघा!’ घड्याळात सात-अठ्ठावीस असं काहीतरी असतं. हे चांगलं की वाईट, हे तिच्या चेहऱ्यावरून ओळखायचं आणि मग त्या मापाचा आनंद व्यक्त करायचा. ‘छान’ म्हटलं तर ‘नुसतं छान?’ ‘वा, फारच छान’ म्हटलं तर ‘तुम्हाला पेस म्हणजे काय ते तरी कळतं का?’

पेस मला कळतो. एक किलोमीटर कापायला लागलेली मिनिटं. टेम्पो, इंटरव्हल, लाँग रन हेही कळतं. ‘उद्या इझी आहे’ याचा अर्थ उद्या सुट्टी असा नसून उद्या फक्त दहा किलोमीटर, हेही कळतं. बुटांचं आयुष्य पाचशे ते आठशे किलोमीटर असतं म्हणतात, आणि ते संपल्यावर बूट दिसायला अगदी नवे असतात. त्यांच्याकडे बघून ‘हे काय वाईट आहेत?’ असं विचारायचं नसतं. प्रश्न ज्ञानाचा नाहीच. प्रश्न उच्चाराचा आहे.

तरी काही नियम हाताला लागले आहेत. ‘दमलीस का?’ हे वाक्य चालत नाही. ‘पाय दुखतोय का?’ हे चालतं, पण उत्तर ऐकायला बसावं लागतं. ‘कालच्यापेक्षा हळू झालं का गं?’ हे वाक्य उच्चारलेले एक गृहस्थ आमच्या ग्रुपमध्ये आहेत. ते हल्ली रविवारचा नाश्ता बाहेर करतात. डॉक्टरांनी ‘तीन आठवडे विश्रांती’ सांगितली असेल तर ती नवऱ्याने पुन्हा सांगायची नाही. डॉक्टरांनी सांगितली की ती सूचना असते, नवऱ्याने सांगितली की अडवणूक होते, आणि तेच कोच म्हणाले की ‘सर किती विचार करून सांगतात!’ होतं. सर्वांत सुरक्षित शब्द ‘मग?’ हा आहे. ‘येऊरच्या गेटपाशी मला वाटलं आज काही खरं नाही.’ ‘मग?’ याच्या जोरावर मी संपूर्ण इडली-सांबार निभावून नेतो.

घरात इतरही बदल झाले. शनिवारी रात्री नऊ वाजता आमच्याकडे निजानीज होते. गडकरी रंगायतनचा शनिवारचा रात्रीचा प्रयोग हा प्रकार आमच्या आयुष्यातून गेला. एकदा हट्टाने नेलं तर पहिल्या अंकात ती छान झोपली आणि मध्यांतरात ताजीतवानी होऊन ‘निघू या?’ म्हणाली. फ्रीझरमध्ये पाण्याची गोठलेली बाटली असते. ती प्यायची नसून टीव्ही बघताना टाचेखाली लाटायची आहे, हे पाहुण्यांना वेळेवर सांगावं लागतं. हॉलमध्ये एक फोमचा जाड रूळ आहे, त्यावर मांडी ठेवून ती पुढेमागे सरकते आणि कळवळते. पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडून गळून गेलं, हे तिने मला बढतीची बातमी सांगण्याच्या सुरात सांगितलं.

पळून आल्यावर घड्याळात ९.८७ दिसत असेल तर ती घरी येत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्यांमधून फेऱ्या मारून दहा पूर्ण करते. वॉचमनने एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, ‘साहेब, मॅडमचं काही हरवलंय का?’

आईला मात्र या सगळ्यात रस आहे. शर्यतीआधी कोचनी कार्ब लोडिंग सांगितलं, तेव्हा तिने ते काय असतं ते विचारून घेतलं. भात, बटाटा, रताळं, साबुदाणा, केळी, खजूर. आईने यादी ऐकली आणि म्हणाली, ‘म्हणजे एकादशी आणि पारणं एकाच दिवशी.’ तेव्हापासून शर्यतीच्या आदल्या दिवसाची जबाबदारी तिच्याकडे आहे. कार्ब लोडिंग सगळ्या घराचं होतं. पळायला बायको एकटी जाते.

नातेवाइकांसमोर मी या उपक्रमाचा प्रवक्ता असतो. मावशी दर वेळी नव्याने चौकशी करते.

‘कितवी आली?’

‘मावशी, त्यात तसं नसतं. पूर्ण करणं महत्त्वाचं.’

‘हो, पण कितवी?’

‘तीन हजार आणि काहीतरी.’

मावशी थोडा वेळ गप्प राहते. ‘आणि बक्षीस?’

‘मेडल मिळतं. सगळ्यांना.’

‘बोलावतात कोण?’

‘कोणी नाही. आपणच पैसे भरायचे.’

मावशीने यावर ‘पैसे भरून?’ एवढंच म्हटलं, आणि त्यानंतर तिने मला चहाबरोबर दोन लाडू जास्तीचे दिले. ते सहानुभूतीचे होते.

पळणाऱ्यांच्या जोडीदारांनी इतिहासात काय केलं, हे मी शोधून ठेवलं आहे. मार्गदर्शन मिळेल म्हणून. १९६७ साली बोस्टन मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्वित्झर नावाच्या मुलीने ‘के. व्ही. स्वित्झर’ असं नाव लिहून नंबर मिळवला. बायकांनी एवढं पळू नये, असा तेव्हाचा समज होता. शर्यतीचे एक पदाधिकारी, जॉक सेम्पल, रस्त्यात धावत येऊन तिचा नंबर ओरबाडू लागले, तेव्हा तिच्या बरोबर पळणाऱ्या मित्राने, टॉम मिलरने, त्यांना असा धक्का दिला की ते रस्त्याच्या कडेला गेले. मिलर हातोडाफेकपटू होता. त्या प्रसंगाची छायाचित्रं जगभर गेली. जोडीदाराचा पाठिंबा म्हणून हे उदाहरण द्यायला उत्तम आहे, फक्त पुढची हकिकत सांगायची नाही. पुढे थोड्या अंतरावर, तुझ्यामुळे माझं ऑलिंपिक बुडणार, म्हणून तो तिच्यावरच भडकला आणि एकटा पुढे निघून गेला. काही वेळाने तो चालत असलेला तिला दिसला. ती त्याला ओलांडून गेली आणि तिने शर्यत पुरी केली. त्या दोघांचं नंतर लग्न झालं आणि मोडलंही. बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये यायला १९८४ साल उजाडलं. मिलरबद्दल माझं मत असं आहे की धक्का मारणं ही सोपी बाजू होती.

याउलट एमिल झाटोपेक. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन, तिन्ही सुवर्णपदकं घेतली. मॅरेथॉन तर आयुष्यात पहिल्यांदाच पळत होता. त्याची बायको दाना हिने पाच हजार मीटरच्याच दिवशी भालाफेकीचं सुवर्णपदक जिंकलं. दोघांचा जन्मदिवसही एकच, १९ सप्टेंबर १९२२. म्हणजे पत्रिकेचा प्रश्नच नाही. हा माणूस टबमध्ये कपडे आणि साबणाचं पाणी टाकून त्यावर जागच्या जागी पळायचा म्हणतात. व्यायामही व्हायचा आणि धुणंही. असा पळणारा घरात असेल तर पाठिंबा कोणीही देईल. आमच्याकडे पळण्यामुळे धुणं वाढतं.

बघणाऱ्याच्या दृष्टीने महाराष्ट्रातली सर्वोत्तम शर्यत कोणती, तर साताऱ्याची हिल मॅरेथॉन. पावसाळ्याच्या अखेरीस असते. पोलीस परेड ग्राउंडवरून निघायचं, यवतेश्वरचा घाट कासच्या दिशेने चढायचा आणि उतरून परत यायचं, एकूण एकवीस किलोमीटर. घाट धुक्यात असतो आणि गाड्यांना बंद असतो, त्यामुळे नवऱ्याला मध्येच कुठे उभं राहून काही बोलण्याची सोय नाही. मी दोन तास कंदी पेढ्यांच्या दुकानांची तुलना केली. परत आल्यावर ‘मग?’

मुंबईचं तसं नाही. जानेवारीतला तिसरा रविवार. पूर्ण मॅरेथॉन पहाटे पाचच्या सुमारास सीएसएमटीहून सुटते, म्हणून अपरात्री खास जादा लोकल सोडतात. त्या गाडीत बसायला जागा असून माणसं उभी असतात आणि दांड्याला धरून पोटऱ्या ताणतात. ‘चौथी सीट’ म्हणून कोणी कोणाला सरकवत नाही. डब्यात मलमाचा वास भरलेला असतो. सगळे एकमेकांना ‘झोप झाली का?’ विचारतात आणि कोणाचीच झालेली नसते. यातले निम्मे पळणारे आणि निम्मे आमच्यासारखे. आमची ओळख पिशव्यांवरून पटते.

सीएसएमटीला ती दोरीपलीकडे गेली. जाताना मी काहीतरी प्रोत्साहनपर बोलावं, असा तिचा चेहरा होता. मी म्हणालो, ‘मोबाइल चार्ज आहे ना?’ ती ‘हो’ म्हणाली आणि गेली.

मग आमची शर्यत. सीएसएमटीहून चर्चगेट चालत, तिथून लोकलने ग्रँट रोड, तिथून पुन्हा चालत पेडर रोड. जाताना ही मंडळी तिथून जातात तेव्हा अंधार असतो. हजारो माणसं पायांचा फडफड आवाज करत निघून जातात आणि आपली कोणती ते कळत नाही. आपलं खरं काम परतीच्या वेळी, पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास, पेडर रोडच्या चढावर. कारण तिसाव्या किलोमीटरनंतर शरीरात साठवलेली साखर संपत येते. पळणारे त्याला ‘भिंत’ म्हणतात. भिंतीला आपटलेल्या माणसाशी काय बोलायचं, यावर ग्रुपमध्ये आम्हा नवऱ्यांचा आणि काही बायकांचा एक वर्गच घेतला होता. ‘थोडंच राहिलं’ म्हणायचं नाही. सात किलोमीटर राहिलेले असतात. तिच्या त्या वेळच्या वेगाने तासभर. विनोद करायचा नाही. ‘सोडून दे’ तर मनातही आणायचं नाही. ‘मस्त दिसतेस, लय पकडलीयस’ असं म्हणायचं, आणि नावाने हाक मारायची. मोठ्याने. नाव ऐकलं की माणसाला जोर येतो म्हणे.

पहिलं वाक्य मी घोकून घेतलं होतं. नावाचं काय करायचं, हा प्रश्न होता. मी बायकोला चारचौघांत शेवटचं नावाने संबोधलं ते लग्नात घास भरवताना, उखाण्यात, आणि तेही करवल्यांनी अडवून धरलं म्हणून. घरात ‘अगं’ आहे, ‘ऐकलंस का’ आहे, मुलीला विचारायचं झालं तर ‘आई कुठंय?’ आहे. फॉर्मवर लिहितो मी नाव, नाही असं नाही. (इथेही ते लिहीत नाही. सवय नाही.)

पेडर रोडवर तर जत्रा होती. बिल्डिंगींमधल्या आज्या परातींतून संत्र्याच्या फोडी, चिक्की आणि मीठ लावलेले बटाटे वाटत होत्या. कोणी ढोल आणला होता. शेजारचं कुटुंब ओळख नसलेल्या प्रत्येकाच्या छातीवरचा नंबर वाचून, त्यावरचं नाव जोरात ओरडत होतं आणि टाळ्या पिटत होतं. माझ्या हातात मुलीने रंगवून दिलेला बोर्ड होता. तो मी छातीशी धरून विमानतळावर पाहुणे न्यायला आलेल्या ड्रायव्हरसारखा उभा होतो.

मोबाइलवर एक ठिपका असतो. तो ठिपका म्हणजे बायको. रस्त्यावर ठरावीक अंतराने चटया अंथरलेल्या असतात. त्यावरून गेलं की नंबरातली चिप नोंद करते. दोन चटयांच्या मधली बायको हा केवळ अंदाज असतो. आधीच्या वेगावरून ॲप तिला पुढे सरकवत राहतं. तो ठिपका हाजी अलीहून निघाला, चढ चढला, माझ्यापाशी आला आणि मला ओलांडून चौपाटीकडे निघून गेला. रस्त्यावर ती नव्हती. फोनवर विश्वास ठेवावा तर ती मला न भेटता गेली. डोळ्यांवर ठेवावा तर ती मागे कुठेतरी बसली आहे. शेजारच्या आजींनी माझा चेहरा बघून मला एक बटाटा दिला.

आणि मग ती दिसली. टोपी तिरकी, मान एका बाजूला, पाय उचलण्याऐवजी सरकत. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने.

मी ‘ए!’ म्हणालो. मग ‘अगं!’ म्हणालो. मोठ्याने म्हणालो, त्याचं समाधान आहे. निरनिराळ्या वयांच्या सात-आठ बायकांनी माझ्याकडे पाहिलं. एकीने ‘थँक्यू काका’ म्हणत हात हलवला. माझी तेवढी पुढे बघत होती. इतक्यात शेजारच्या कुटुंबातल्या एका मुलाने तिचा नंबर वाचला आणि माझ्या बायकोला, चुकीच्या ठिकाणी जोर देऊन, नावाने हाक मारली. तिने त्याच्याकडे बघून अंगठा दाखवला.

हे मात्र फार झालं. मी बोर्ड खाली ठेवला, श्वास घेतला आणि तिचं नाव घेतलं. सुरुवात झाल्यावर कुठे थांबायचं ते कळेना, म्हणून पुढे माझं नाव आणि मग आडनावही घेतलं, मतदार यादीत असतं त्या क्रमाने. ढोल थांबला. ती दचकून वळली, रस्ता तिरका कापत माझ्यापाशी आली.

‘अहो, हळू! लोक बघतायत.’

‘मस्त दिसतेस. लय पकडलीयस,’ मी म्हणालो.

‘काय पकडलंय?’

‘लय.’

तिने माझ्या हातातला आजींचा बटाटा घेतला, खाल्ला, माझ्याच रुमालाला हात पुसले आणि चढाकडे बघितलं. ‘किती राहिलं?’

वर्गात याचं उत्तर शिकवलं नव्हतं. ‘उतार येतोय,’ मी म्हणालो. ते खरंही होतं. ती निघाली. शेजारच्या कुटुंबाने तिचं नाव, माझं नाव आणि आडनाव अशा तिन्ही शब्दांचा घोष चालू केला, आणि तो ती वळणाआड जाईपर्यंत चालला.

सहा तासांच्या आत तिने शर्यत पुरी केली. मेडल गळ्यात घालून ती मला भेटली तेव्हा जिना उतरायचा प्रश्न होता; उभी राहू शकत होती, उतरू शकत नव्हती. सीएसएमटीच्या गर्दीत आम्ही दोघं उलटे, पाठमोरे, एकेक पायरी खाली आलो. अशी उलटी उतरणारी जोडपी त्या दिवशी पुष्कळ होती.

गाडीत खिडकी मिळाली. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी याच मार्गावर बोरीबंदरहून ठाण्याला निघाली होती. हे अंतर ३४ किलोमीटर आहे, आणि त्यात ४२ किलोमीटरची हकिकत बसत नाही. मशीद बंदरला तिने सुरुवातीची गर्दी सांगायला घेतली. ‘मग?’ मी म्हणालो. दादरला ती मरीन ड्राइव्हच्या अंधारात होती. घाटकोपरला वरळी. मुलुंड गेलं तेव्हा सी लिंकवर वारा समोरून येत होता आणि बाजूचा एक तरुण मुलगा कानातले इअरफोन काढून ऐकत होता. ठाणं आलं तेव्हा माहीम.

उरलेलं रिक्षाच्या रांगेत झालं. आमच्या पुढच्या गृहस्थांचा नंबर लागला, तेव्हा ती पेडर रोडचा चढ चढत होती. त्यांनी ती रिक्षा आमच्या मागच्याला दिली.